मद्यपानविषयक प्रश्नावलीची रचना आणि युवकांचे समवयस्कांविषयीचे आकलन : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : परभणी जिल्हा)

प्रस्तावना :
सामाजिक संशोधनात प्रश्नावली हे तथ्य संकलनाचे प्रमुख साधन मानले जाते. मात्र सदोष प्रश्नावली तथ्य गोळा करण्याऐवजी ते घडविते. युवकांच्या मद्यपानविषयक सर्वेक्षणांत हा धोका विशेष संभवतो.

विवेचन :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ वर्षे व त्यावरील पुरुषांपैकी १३.९ टक्के व स्त्रियांपैकी ०.४ टक्के मद्यपान करतात. ही उत्तरे स्वतःच्या सवयीविषयीची आहेत. याउलट ‘तुमचे मित्र दारू पितात काय? होय/नाही’ असा प्रश्न महाविद्यालयीन प्रश्नावलीत विचारल्यास तीन दोष उद्भवतात.

पहिला दोष ‘मित्र’ या शब्दाचा. जिंतूर, पालम वा सोनपेठ तालुक्यातील खेड्यातून परभणीस शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याचे मित्र गावातले, खोलीवरचे की वर्गातले, हे स्पष्ट होत नाही. शिवाय दहा विद्यार्थ्यांच्या मनात एकच पिणारा मित्र असल्यास दहा ‘होय’ मिळतात. पिणारा मात्र एकच असतो.

दुसरा दोष ‘दारू’ या शब्दाचा. कोणी त्यात बीअर धरतो, कोणी केवळ देशी.

तिसरा दोष विश्वासाचा. महाराष्ट्रात बीअरसाठीही २१ वर्षांची वयोमर्यादा आहे. नाव लिहिलेला कागद शिक्षकांच्या हाती द्यावयाचा असल्यास विद्यार्थी स्वतःबाबत ‘नाही’ आणि मित्रांबाबत ‘होय’ लिहितो. हा फरक आकलनाचा नसून भीतीचा असू शकतो.

अमेरिकेत पर्किन्स व बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये असे मांडले की, विद्यार्थी सहाध्यायांची मद्यपानविषयक वृत्ती वास्तवापेक्षा अधिक सैल समजतात. पुढे २०११ मध्ये मेल्सन, डेव्हिस व मार्टिनस यांनी, समवयस्कांविषयीचा फुगलेला अंदाज ही समजुतीची चूक की संशोधनपद्धतीची निष्पत्ती, असा प्रश्न उपस्थित केला. तो येथेही लागू पडतो.

निष्कर्ष :
मित्रांविषयीचा अंदाज मद्यपानाचे प्रमाण म्हणून व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावरून सांगितला गेल्यास न पिणारा विद्यार्थी स्वतःस एकटा समजू लागतो. निवारणार्थ योजलेला उपक्रम अशा प्रकारे मोहास बळ देतो. म्हणून प्रश्नावली निनावी असावी. मित्रगट, पेयप्रकार व कालावधी निश्चित करावा. ‘माहीत नाही’ हा पर्याय द्यावा. स्वतःविषयीचे व मित्रांविषयीचे प्रश्न वेगवेगळ्या गटांना विचारून उत्तरांची तुलना करावी. अंदाज हा अंदाज म्हणूनच मांडणे, हीच संशोधकाची जबाबदारी होय.