‘दाओमे’: पण सव्वीसच का?

माती दिओप या फ्रेंच-सेनेगली दिग्दर्शिकेच्या ‘दाओमे’ या माहितीपटात एक पुतळा बोलतो. पॅरिसच्या के ब्रान्ली म्युझियममध्ये त्याला लाकडी पेटीत भरतात, झाकण बंद होतं, पडदा काळा होतो आणि बेनिनमधल्या ‘फोन’ नावाच्या भाषेत एक घुमणारा आवाज येतो. पुतळा राजा गेझोचा आहे, पण त्याची ओळख उरलीय ती फक्त एका नंबरापुरती: २६.

१८९२ मध्ये कर्नल दोड्सच्या फ्रेंच फौजेने दाओमे राज्याची राजधानी आबोमे घेतली आणि राजवाड्यातल्या वस्तू लुटल्या. त्यातल्या २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये बेनिनला परत गेल्या. दिओपने हा प्रवास ६८ मिनिटांत मांडलाय. २०२४ मध्ये बर्लिनला त्याला गोल्डन बेअर मिळालं, आणि ते योग्यच होतं.

सिनेमाचा जीव आहे आबोमे-कालावी विद्यापीठातल्या चर्चेत. पोरं-पोरी तावातावाने भांडतात. हजारो वस्तू तिकडे असताना २६ परत करणं हा अपमान नाही का, असं एक जण विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. पण सिनेमा त्याचं उत्तर शोधत नाही. प्रश्न हवेत राहतो, पुतळ्याचा आवाज पुन्हा सुरू होतो आणि आपण भारावून उठतो. माझी तक्रार इथेच आहे.

कारण उत्तर आहे, आणि ते कायद्यात आहे. फ्रान्समध्ये तेव्हा सार्वजनिक म्युझियमची वस्तू सहसा कुणालाही देऊन टाकता येत नव्हती. बेनिनने २०१६ मध्ये केलेली मागणी याच नियमावर बोट ठेवून फेटाळली गेली. मग डिसेंबर २०२० मध्ये संसदेने खास कायदा केला. त्यात कलमं दोनच. पहिलं या २६ वस्तूंसाठी, दुसरं सेनेगलला द्यायच्या एका तलवारीसाठी. सोबत वस्तूंची यादी. नियमाला अपवाद म्हणून या वस्तू आता संग्रहाचा भाग नाहीत, असं हे कलम सांगतं.

कोड लिहिणाऱ्याला हा प्रकार लगेच ओळखू येतो. नियम तसाच ठेवायचा आणि २६ नावं हार्डकोड करायची. सत्ताविसावी वस्तू आली असती तर तेव्हा पुन्हा नवा कायदा लागला असता. युद्धदेव गू याची प्रसिद्ध लोखंडी मूर्ती यादीत नव्हती, म्हणून ती पॅरिसमध्येच राहिली. आयव्हरी कोस्टच्या एका ढोलासाठी २०२५ मध्ये परत वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडच्या एका खटल्याशी हे ताडून बघा. तमिळनाडूतल्या पत्तूर गावचा नटराज लंडनमध्ये सापडला. १९९१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने मंदिराला पक्षकार मानलं, त्याचा हक्क मान्य केला आणि मूर्ती भारतात परत आली. भारतीय कायद्यात देवळाला आणि देवाला कोर्टात उभं राहता येतं, म्हणून हे जमलं. म्हणजे मूर्तीचा आवाज ही आपल्याकडे नुसती कविकल्पना नाही, ती वकिलाच्या फाइलमध्येही असते. तिथे मालक कोण हे कोर्टाने ठरवलं. बेनिनच्या बाबतीत तो प्रश्न कोर्टात निकाली निघालाच नाही. संसदेने अपवाद केला, आणि अपवाद मिळालेल्याकडून आभाराची अपेक्षा असते. त्या विद्यार्थ्यांना जे टोचत होतं ते हेच.

दिओपला कायद्याचा क्लास घ्यायचा नव्हता, हे मान्य. पण म्युझियमचे कर्मचारी एकेका पुतळ्याच्या भेगा आणि डाग नोंदवतात, तेव्हा तिचा कॅमेरा किती शांतपणे थांबतो! कागदोपत्री कामात नाट्य असतं हे तिला ठाऊक आहे. तसाच तो संसदेतल्या मतदानावर, त्या दोन कलमांवर दोन मिनिटं थांबला असता, तर प्रेक्षक हळहळीसोबत हेही घेऊन गेला असता की पुढची मागणी नेमकी कशाची करायची: आणखी वस्तूंची, की नियमच बदलण्याची.

‘दाओमे’ जरूर बघा. नंतर मात्र ‘सव्वीसच का?’ हा त्या पोराचा प्रश्न सोडून देऊ नका.