अंदाज आणि बांधिलकी : 'ॲजाइल एस्टिमेटिंग अँड प्लॅनिंग' या ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक :
सॉफ्टवेअर प्रकल्पास किती अवधी लागेल, हा प्रश्न संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अंतिम वर्षापासूनच भेडसावतो. माइक कोह्न यांचा 'ॲजाइल एस्टिमेटिंग अँड प्लॅनिंग' (2005) हा या विषयावरील बहुचर्चित ग्रंथ होय. प्रस्तुत लेखात त्यातील मुख्य प्रतिपादनाची चिकित्सा बाभुळगाव तालुक्यातील शेतकऱ्यांना परिचित असलेल्या पैसेवारीच्या आधारे केली आहे.

विवेचन :
कामाचा आकार आणि कालावधी यांचे अंदाज वेगळे ठेवावेत, असे कोह्न प्रतिपादन करतात. आकार एका कामाची दुसऱ्याशी तुलना करून 'स्टोरी पॉइंट'मध्ये ठरवावा. कालावधी मात्र चमूच्या प्रत्यक्ष गतीवरून, म्हणजे 'व्हेलॉसिटी'वरून काढावा. एकूण काम 200 पॉइंटांचे आणि दर दोन आठवड्यांची गती 20 पॉइंट असल्यास 20 आठवडे लागतील. प्रारंभीचा अंदाज चुकला, तरी मोजलेली गती तो सावरून घेते. हे या पद्धतीचे बलस्थान होय.

पैसेवारीही अशीच सापेक्ष मोजणी आहे. प्रमाण उत्पन्न 100 पैसे मानून प्रत्यक्ष पीक ठरविले जाते. अमरावती विभागात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी 30 सप्टेंबरला, सुधारित 31 ऑक्टोबरला आणि अंतिम 31 डिसेंबरला जाहीर करण्याचा दंडक आहे. अंदाज हंगामासोबत सुधारत जातो. परंतु 50 पैशांच्या सीमेशी टंचाईच्या सवलती जोडल्या गेल्या आणि जमीन महसुलातील सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, इतकेच नव्हे तर विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफीही त्या आकड्यावर अवलंबून राहिली. साहजिकच तो केवळ पिकाचे माप न राहता वादाचा विषय झाला.

सॉफ्टवेअरमध्येही हेच घडते. व्यवस्थापनाने गतीलाच उत्पादकतेचा निकष मानले, की चमू तीन पॉइंटांच्या कामाला पाच पॉइंट देऊ लागतो. गती वाढते, काम मात्र तेवढेच राहते. अंदाज म्हणजे बांधिलकी नव्हे, हे कोह्न यांना मान्य आहे. तथापि अंदाज देणाऱ्याचेच मूल्यमापन त्या आकड्यावरून होत असेल, तर हा भेद टिकणार कसा, याचे समाधानकारक उत्तर ग्रंथात मिळत नाही. ठरावीक किमतीच्या निविदेवर चालणाऱ्या प्रकल्पांत ही उणीव अधिक जाणवते.

निष्कर्ष :
केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने दुष्काळ ठरविण्यासाठी पैसेवारीऐवजी पर्जन्यमान, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओलावा असे निर्देशांक पुढे आणले. ते निर्दोष आहेत असे नव्हे. पण मोजमाप आणि त्यावरील लाभ यांची थेट सांगड धोक्याची असते, हे त्यातून सूचित होते. म्हणून विद्यार्थी-प्रकल्पांचे गुणदान अंदाज जुळला की नाही यावर न करता चालू स्थितीतील सॉफ्टवेअरवर करावे. तरच विद्यार्थी प्रामाणिक अंदाज मांडण्यास धजावेल.