वावेलची पुनरुत्थानरात्र आणि ऑश्वित्झ

पोलिश नाटककार स्तानिस्लाव विस्पियान्स्की यांचे 'अक्रोपोलिस' हे नाटक १९०४ सालचे. पुनरुत्थानाच्या रात्री क्राकूवच्या वावेल महामंदिरातील पुतळे आणि भिंतींवरील पडद्यांत विणलेली माणसे जिवंत होतात. याकोब देवदूताशी झुंजतो, पॅरिस आणि हेलन भेटतात आणि अखेरीस ख्रिस्त अपोलोच्या तेजाने अवतरतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये येर्झी ग्रोटोव्हस्की यांनी ओपोले येथील आपल्या लहानशा नाट्यगृहात हेच नाटक बसविले. शब्द काटछाट करून, पण बहुतांशी नाटककाराचेच ठेवले. स्थळ मात्र बदलले: महामंदिराच्या जागी ऑश्वित्झची छळछावणी.

दिग्दर्शकाने नाटककाराचा सेवक असावे, ही रंगभूमीची जुनी मर्यादा येथे उघडपणे मोडली आहे. ज्या संस्कृतीचे शिखर वावेलवर दिसले, तिची परीक्षा भट्टीपाशी घ्यावी, असा हा हट्ट. पडदा नाही, उंच रंगमंच नाही. (त्याच महिन्यात रोममध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषद भरली आणि पुढे वेदीचेही तोंड फिरले; पण तो विषय वेगळा.) गोणपाटाचे कपडे आणि लाकडी बूट घातलेले कैदी प्रेक्षकांच्या मधूनच लोखंडी नळकांडी जोडत राहतात. नेपथ्यात सहभागी असलेले युझेफ शायना स्वतः ऑश्वित्झमधून वाचलेले होते, म्हणून ही दृश्ये निव्वळ कल्पनेची नव्हेत. याकोबाची वधू म्हणजे चिंधीची ओढणी घेतलेले एक नळकांडे! १९६८ सालच्या चित्रीकरणात ती वरात पाहताना आम्हांस हसू येईना आणि डोळेही मिटवेनात. शेवटी मुंडके नसलेल्या बाहुल्याला तारणारा मानून कैदी गात गात त्याच्यामागून पेटीत उतरतात. झाकण मिटते.

ही ईशनिंदा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. श्रद्धेची थट्टा करणाऱ्याला इतके गंभीर गाणे सुचत नाही. विस्पियान्स्कींचा तेजोमय शेवट १९४५ नंतर जसाच्या तसा रंगवणे आम्हांसही जड गेले असते. आमची तक्रार निराळी आहे. नट प्रेक्षकांकडे पाहतही नाहीत. मेलेले आणि जगलेले यांच्यात दुवा उरला नाही, असे येथे सुचवायचे आहे. परंतु याच छावणीत १९४१ साली फादर मॅक्सिमिलियन कोल्बे एका अनोळखी कैद्याच्या जागी उपासमारीच्या कोठडीत गेले आणि १९८२ साली रोममध्ये त्यांना संतपद मिळताना तो कैदी तेथे हजर होता. छावणीचे सत्य सांगू पाहणाऱ्या प्रयोगाने एवढे सत्य गाळावे, हे आम्हांस पटत नाही.