अनुवादाच्या भाषेतील अभिनेत्री : उत्तरा बावकर

मराठी रंगभूमीचे इतिहास भाषेच्या हद्दीत लिहिले गेल्यामुळे उत्तरा बावकर (१९४४-२०२३) यांच्यासारख्या अभिनेत्रीला त्यांत फारशी जागा उरत नाही. सांगलीत जन्मलेल्या, १९६८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून पदवी घेऊन तेथील रंगमंडळात घडलेल्या या अभिनेत्रीची रंगभाषा मुख्यतः हिंदी होती. १९८४ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. मात्र या हिंदीला 'परभाषा' म्हणणे फसवे ठरेल. इब्राहिम अल्काझींच्या दिल्लीत हिंदुस्थानी हे अनेक भाषांतील नाटकांचे समान घर होते. कर्नाडांच्या 'तुघलक'मधील सावत्र आई आणि शेक्सपिअरची डेस्डिमोना त्यांनी याच घरात उभी केली.

१९७८ मध्ये जयवंत दळवींचे 'संध्याछाया' त्यांनी कुसुम कुमार यांच्या हिंदी अनुवादातून दिग्दर्शित केले, ही घटना विशेष बोलकी आहे. मूळ संहिता जिच्या मायबोलीत आहे, तीच दिग्दर्शिका अनुवादाला रंगमंचावर आणते. दळवींचे नाना-नानी घरगुती मराठीच्या लकबींत जगतात. भाषांतरात त्या लकबी गळतात आणि वाट पाहणे तेवढे शिल्लक राहते. नोकरीनिमित्त ठिकठिकाणांहून येऊन वसलेल्या दिल्लीकरांना ते परके वाटण्याचे कारण नव्हते.

मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक'मध्ये (१९८८) हा गुंता आणखी वाढतो. रमापद चौधुरींची बंगाली कादंबरी, कोलकात्यातील कुटुंब, हिंदी संवाद, आणि पती-पत्नीच्या भूमिकांत श्रीराम लागू व बावकर हे दोन मराठी नट. पती घर सोडून निघून जातो. मागे राहिलेली स्त्री ना सधवा ना विधवा. दुःखाबरोबर येणारा रोषही बावकरांनी लपवलेला नाही. सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी मिळाला.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी' (१९९५) आणि 'वास्तुपुरुष' (२००२) या चित्रपटांत त्या मराठीकडे वळतात, तेव्हा मराठी रंगभूमीवरील पल्लेदार संवादफेकीचा वारसा त्यांच्या बोलण्यात जाणवत नाही. याचे सारे श्रेय दिल्लीला देण्याचा मोह आवरावा. दिग्दर्शकद्वयाची शैलीही मुळातच संयत आहे. तरीही 'दोघी'तील आई पाहावी. थोरल्या लेकीच्या कमाईवर घर तगलेले, आणि धाकटीच्या लग्नात तिलाच दूर ठेवण्याची धडपड. ही आई क्रूर दिसत नाही, घाबरलेली दिसते. आणि ती भीती एकाही संवादात लिहिलेली नाही.