कृपेनंतरचा मार : संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

संतचरित्रे सांगण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी दुःख, मग देवाचा धावा, मग कृपा आणि कृपेच्या पाठोपाठ सुख. कीर्तनकार ह्याच क्रमाने आख्यान लावतात, पाठ्यपुस्तके ह्याच क्रमाने धडा रचतात आणि श्रोते पदरात प्रसाद घेऊन समाधानाने घरी जातात. ह्या रीतीला एक ठसठशीत अपवाद मराठीत सतराव्या शतकापासून लिहिलेला पडून आहे. तो म्हणजे शिऊरच्या संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनाचे अभंग. येथे कृपा आधी येते आणि मार नंतर. तोही कृपा झाली म्हणूनच.

आधी एक खुलासा करायला हवा. बहिणाबाई म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना अहिराणी-खानदेशी वळणाची ओवी आठवते. उत्तरपत्रिकांत दोन बहिणाबाईंची सरमिसळ मी वर्षानुवर्षे तपासली आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) वेगळ्या. आपल्यापुढे आहेत त्या सुमारे अडीचशे वर्षे आधीच्या (१६२८-१७००), वेरूळजवळच्या देवगावात कुलकर्ण्यांच्या घरी जन्मलेल्या, तुकोबांच्या शिष्या. खुद्द शिष्यांनाही पुष्कळदा त्यांचा एकच अभंग ठाऊक असतो, वारकरी पंथाला इमारतीची उपमा देणारा. बाकीचा गाथा कपाटात राहतो. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट ह्या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. मराठी घरांत मात्र तो फारसा उघडला जात नाही.

हकिकत थोडक्यात अशी. अगदी लहानपणी बहिणेचे लग्न तीस वर्षांच्या बिजवराशी झाले. पैशाच्या तंट्यातून हे कुटुंब, आईवडील, जावई आणि लेकरू, गाव सोडून बाहेर पडले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास पोचले. येथे एका ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला आणि दानात आलेली एक सवत्स कपिला गाय त्यांच्याकडे आली. ते वासरू बहिणेच्या मागे मागे फिरू लागले. पाणी भरायला, पुराणाला, कथेला. अजून पोरवय, वासरू हाच तिचा सवंगडी. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते बाहेर हंबरते, ही आत रडते. स्वामींच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले, आणि मुलीच्या व वासराच्या मस्तकावर हात ठेवून दोघांना नावाजले.

आशीर्वाद म्हणतात तो हाच. आता त्याचे फळ पाहा. बातमी गावभर झाली, नवऱ्याच्या कानी गेली. वेदपाठी माणूस तो. आपल्या बायकोला चारचौघांत मान मिळावा, लोकांनी तिला पाहायला यावे, हे त्याला साहवेना. त्याने तिला बेदम मारले, हातपाय बांधून ठेवले. गाईवासराने चारा टाकला. आईवडील घरातच होते आणि काही करू शकत नव्हते. बहिणाबाई हे सारे कसे सांगते? आक्रोश नाही, अलंकार नाही. साक्षीदाराने जबानी द्यावी तसे एकामागून एक सांगत जाते. सतराव्या शतकातल्या मराठी कवितेत नवऱ्याच्या हातच्या माराचे इतके उघडे निवेदन मला दुसरे आढळलेले नाही.

पुढे ते वासरू मेले. बहिणा बेशुद्ध पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचे दर्शन झाले. स्वप्नात मंत्र मिळाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की खुद्द तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. म्हणजे परंपरेने पाहिले तर ही दीक्षा अस्सल. परंतु घरात काय झाले? तुकोबा जातीने शूद्र. शूद्राच्या नावाने ब्राह्मणाची बायको डोळे मिटून बसते, आणि तिला पाहायला माणसे येतात! नवऱ्याने घर सोडून जाण्याचे ठरवले. बायको गरोदर होती.

ह्या ठिकाणी जे अभंग येतात त्यांच्यासाठी हा सारा लेखनप्रपंच. बहिणा भक्तीचा जयघोष करीत नाही. ती हिशेब मांडते. विठ्ठल तर दगडाचा, तुका तर स्वप्नातला; ह्या दोघांसाठी हातातला संसार का घालवावा, असा तिचा रोखठोक सवाल आहे. नवऱ्याची सेवा हाच आपला देव, असे ती स्वतःला बजावते.

ह्या अभंगांपाशी आजचे वाचक दोन टोकांना जातात. जुन्या वळणाचे प्रवचनकार हर्षाने म्हणतात, पाहा, केवढी पतिव्रता! नव्या वळणाचे अभ्यासक खिन्न होऊन म्हणतात, शेवटी हिनेही मान तुकवली. मला दोन्ही वाचने उतावळी वाटतात. मार खाल्लेली, पोटुशी, परमुलखात असलेली बाई रात्री स्वतःशी जे बोलेल ते हे बोलणे आहे. ते तत्त्वज्ञान म्हणून वाचायचे की तिची धडपड म्हणून? ज्या श्रद्धेने मार आणला ती श्रद्धा टाकून द्यावी, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. आणि तिने तो पुढे मोठी संत म्हणून मान्यता मिळाल्यावरही गाथ्यातून पुसला नाही. माझ्या मते तिचे मोठेपण येथे आहे.

आपण दोन भाषांच्या शेजारात वाढलेले लोक. कन्नड शाळेत गेलेल्या आपल्या मुलांना अक्कमहादेवी ठाऊक असते. बाराव्या शतकातली ही शरणी चेन्नमल्लिकार्जुनालाच पती मानून निघाली ती कल्याण, श्रीशैल करीत गेली. राजवाडा मागे टाकला. तिच्या वचनांतली झेप बहिणेत नाही, हे कबूल करावे. पण अक्का निघाली आणि बहिणा राहिली. निघणाऱ्याला एकदाच निर्णय करावा लागतो, राहणाऱ्याला तो रोज सकाळी चुलीपाशी करावा लागतो. आपल्या घरांतल्या आज्या-मावश्या कोणाच्या बाजूच्या होत्या, हे वाचकांना सांगायला नको.

मग नवऱ्याला ज्वर आला, महिनाभर तो अंथरुणाला खिळला. एका वृद्ध ब्राह्मणाने त्याची कानउघाडणी केली आणि तो बदलला, अशी कथा पुढे येते. कीर्तन येथे संपते, गाथा संपत नाही. कुटुंब देहूला आले, तुकोबा प्रत्यक्ष भेटले. आणि तेथे मंबाजीचा छळ सुरू झाला. आमचा गुरू ठरलेला आहे, एवढेच ह्यांनी सांगितले. त्याचा राग त्यांच्या गाईवर निघाला. म्हणजे नवरा वळला तरी कृपेची किंमत चुकली नाही, फक्त वसूल करणारा बदलला.

मग देवाचा आधार कोठे? बहिणाबाईच्या सांगण्यात तो संकट हटवणारा म्हणून क्वचितच येतो. तो येतो वासराच्या रूपाने, तीन शब्दांच्या मंत्राच्या रूपाने, आणि झालेले सांगता येण्याच्या बळाच्या रूपाने. सोसणारी पुष्कळ होती; शब्द हिला मिळाले.

गाथ्याचे सगळे भाग सारख्या तोलाचे नाहीत. पतिव्रताधर्मावरचे अभंग उपदेशाच्या साच्यात अडकतात, आणि अखेरीस ती मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगते तो भाग आजच्या वाचकाला पचायला जड. भोगाचे कारण मागल्या जन्मात ढकलले की नवऱ्याच्या हातातली काठी आपोआप निर्दोष होते, हा माझा आक्षेप मी मागे घेणार नाही. पण हीच बाई 'वज्रसूची' मराठीत आणते. अश्वघोषाच्या नावावर असलेल्या त्या संस्कृत ग्रंथाचा विषयच असा की ब्राह्मण कोणाला म्हणावे. जन्माला, देहाला की ज्ञानाला? एकेकाळी गुरूच्या जातीवरून जिच्या घरात वादळ उठले, तिने हा ग्रंथ उगाच निवडला असेल असे मला वाटत नाही. नवऱ्याने तो वाचला का, ऐकला का, ह्याविषयी गाथा एक अक्षर बोलत नाही.