चाकांवरचं घर आणि प्रवासवर्णन

मोटारहोम घेऊन अनेक देशांच्या सीमा ओलांडायच्या तर अनेकदा 'कार्नेट' लागतं. गाडी मुदतीत परत जाईल, नाहीतर जकात भरू, अशी ती हमी.

आमचं म्हणणं असं, की आपली बरीच प्रवासवर्णनं अशीच हमी देऊन निघतात. घर सोबत, चव सोबत, मतंही सोबत. सीमा ओलांडते ती नुसती गाडी. उलट गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (१९०७) बघा. दक्षिणेच्या आशेनं निघालेला भिक्षुक १८५७च्या बंडात सापडतो, झाशीचा वेढा आतून पाहतो. परतण्याची हमी नव्हती, म्हणून नजर उघडी राहिली.

आपल्या कामतघरच्या आसपास ट्रकच्या केबिनमध्येच निजणारे चालक आपण रोज बघतो. घर त्यांचंही चाकांवरच. पण हौसेचं नव्हे. त्यांचं प्रवासवर्णन कोण लिहिणार?