भाव, डाव आणि साखळीतला गडी

दिवाळीत चकलीच्या जोडीला हिशेबाचे पुस्तक पुढे करणारा माणूस अरसिक ठरायचा! पण मायकेल लुईस यांचे ‘मनीबॉल’ (२००३) हातात घेतले की फराळ थंड होतो, हे सांगितलेच पाहिजे.

कथा अमेरिकेतल्या बेसबॉलची. ओकलंडचा संघ गरीब; २००२ साली त्याचा पगारखर्च सुमारे ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यँकीजचा जवळजवळ तिप्पट. जुने पारखी खेळाडूची अंगकाठी नि फटक्याचा जोर बघत. संघाचे कारभारी बिली बीन यांनी पाहिले की, कसेही करून बाद न होता पहिला तळ गाठणारा गडी सामने जिंकून देतो आणि बाजारात तो स्वस्त मिळतो. कोपर दुखावलेला स्कॉट हॅटेबर्ग असाच स्वस्तात आला. सलग विसावा विजय त्याच्याच फटक्याने मिळाला! पुढे २००६ मध्ये हेक्स व सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी आकडेमोड करून दाखवले की बाजार खरोखरच चुकत होता. गुपित फुटल्यावर, २००४ पर्यंत, तो भाव सुधारलाही.

इथवर ठीक. पण त्याच संघात झिटो, मल्डर, हडसन असे तीन अव्वल गोलंदाज होते. त्या वर्षीचा सर्वोत्तम गोलंदाजाचा मान झिटोकडे गेला. लुईस यांच्या कथेत हे तिघे दारातून डोकावून जातात. नायक मोठा दिसावा म्हणून घरची कर्ती माणसे माजघरात बसवायची, ही युक्ती आम्हा कादंबरीकारांच्या चांगल्याच ओळखीची आहे. कादंबरीत ती खपते. सिद्धांत मांडताना मात्र पुरावा दडवल्यासारखे होते.

आता घराजवळचे उदाहरण घ्या. आमच्या वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडी. पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात इराणचा मोहम्मदरेझा शाडलू २ कोटी ३५ लाखांना घेतला आणि मार्च २०२४ मध्ये प्रो कबड्डीचे अजिंक्यपद मिळवले. नंतर तो सुटला. हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचलला. जिंकून दिले आणि भाव उतरला! २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीतच हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक नेला. बाजार चुकला म्हणावे, तर एका गड्यावरून तसे ठरत नाही. बरोबर होता म्हणावे, तर चषक समोर दिसतो.

कबड्डीचा घोळ मोजण्यातच आहे. पकड झाली की गुण एका गड्याच्या नावावर चढतो. त्याचा हात धरून साखळी केलेला, चढाईवाल्याला कोपऱ्याकडे ढकलत नेणारा शेजारी हिशेबात कोरडाच राहतो. वर्गातली पोरे हल्ली लिलावाचे आकडे पाढ्यांसारखे म्हणतात, आणि प्रत्येकाला चढाईच करायची असते. साखळीत उभे राहायला कोण तयार होणार? पोट त्या आकड्यावर चालणार असेल, तर पोरांचे तरी काय चुकले?

‘मनीबॉल’ जरूर वाचा, पण त्या तीन गोलंदाजांना शोधत वाचा. आणि मातीच्या मैदानाकडेला वही घेऊन बसणारा, त्या शेजाऱ्याच्या हाताचीही नोंद करणारा कोणी मराठी लेखक निघाला, तर त्याच्या पुस्तकाची आम्ही आगाऊ मागणी नोंदवून ठेवतो.